रंगनाथरावांचे सहा आकडे

मंडळी, समोर देव आहे, त्याला मनातून एकदा हात जोडा आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. आपलं म्हणजे काय? ज्या कागदावर आपलं नाव ते आपलं? की ज्याचं दार आपल्याला उघडतं ते आपलं?

मागचे काका म्हणतात, कागदावरचं. काका, घाई करू नका!

माझे माझे म्हणे, कुलूप लावी दारा।
आपणचि उभा, बाहेरी बिचारा॥

टाळ थांबवा. आधी हा बिचारा कोण ते बघू.

मिरजेचे रंगनाथराव कुंभोजकर. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. एकुलती एक मुलगी, मंजिरी. ती कॉलेजात असताना तिनंच वडिलांचं शेअरचं खातं ऑनलाइन उघडून दिलं. त्यात मोबाइल नंबर कोणाचा घातला? स्वतःचा! कारण रंगनाथरावांकडे बटणांचा फोन, मेसेज वाचायला लागायचा चष्मा, आणि चष्मा शोधायला लागायची मंजिरी.

पुढं मंजिरीनं लग्न ठरवलं. मुलगा रेल्वेत इंजिनिअर, निर्व्यसनी, आईवडिलांना सांभाळणारा. मग खोट कुठं होती? आडनावात. — हसलात? म्हणजे कळलं.

रंगनाथरावांनी जाहीर केलं, मुलगी आम्हाला मेली. तिच्या नावानं आंघोळ केली. गार पाण्यानं? छे, गिझर लावून! दुःखातही माणसानं सर्दी सांभाळावी. मग नवा फोन घेतला आणि त्यात पहिलं काम केलं ते तिचा नंबर ब्लॉक करण्याचं. आणि बायकोला, कुमुदताईंना, देवावर हात ठेवायला लावला: मी सांगेपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही. तुम्ही म्हणाल, आई आहे, चोरून बोलली असेल. नाही बोलली. आठ वर्षं. देवावर हात ठेवलेला होता ना. तुमच्यासारखा नव्हे, खरा ठेवलेला.

आठ वर्षांनी एक पत्र आलं. तुमच्या शेअरचा लाभांश इतकी वर्षं कोणी घेतलेला नाही. महिनाअखेरपर्यंत खातं चालू केलं नाहीत तर शेअर सरकारी निधीत जातील. मुलीसाठी जे आठ वर्षं जागचे हलले नाहीत, ते शेअरसाठी सकाळी अकराला ब्रोकरच्या ऑफिसात! खात्यावर दुसरं नाव कुमुदताईंचं, म्हणून त्याही बरोबर.

काउंटरवर शकुंतला डोंगरे नावाच्या बाई. पासवर्ड काय, म्हणाल्या. रंगनाथरावांना आठवेना. बाईंनी 'विसरलात?' दाबलं. स्क्रीनवर उमटलं, तुमच्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत. रंगनाथरावांनी फोन काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. फोन गप्प. बाई म्हणाल्या, नोंदवलेल्या नंबरच्या शेवटी सत्तेचाळीस आहे. आधीचे आठ आकडे कुमुदताईंनी मनातल्या मनात म्हटले.

तीन मिनिटांत ते आकडे बाद झाले. रंगनाथराव उठले, घरी गेले. दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कशाला? तर आज ना उद्या यंत्र आपल्याला घाबरेल, असं हेडक्लार्कला वाटतं!

आणि तिकडे भुसावळला मंजिरीच्या फोनवर रोज अकराला सहा आकडे येऊन पडताहेत. पहिल्या दिवशी तिला वाटलं, कोणी भामटा आहे. दुसऱ्या दिवशी तिनं खात्याचं नाव वाचलं. म्हणजे बाबा आहेत. चालते-फिरते आहेत. हट्टी आहेत, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे! तिनं लगेच ते आकडे वडिलांच्या फोनवर पाठवले. पोचले? कसे पोचतील? ब्लॉक कोणी केलंय?

महिन्याचा शेवटचा दिवस आला. रंगनाथरावांनी डोंगरेबाईंच्या टेबलावरचा फोन उचलला. आपल्या फोनवरून नको. आपल्या फोनला विटाळ होतो.

"रंगनाथ कुंभोजकर बोलतोय. आकडे सांग."

"बाबा, आईचे गुडघे कसे आहेत?"

"तीन मिनिटंच असतात. आकडे सांग."

तिनं सांगितले. एकेक, सावकाश. खातं उघडलं. शेअर वाचले. रंगनाथरावांनी 'हं' म्हणून फोन ठेवला. बघा, आठ वर्षांनी बापाच्या तोंडून लेकीला काय मिळालं? 'हं'!

आणि लगेच बाईंना म्हणाले, आता हा नंबर काढा, माझा घाला. पुन्हा गरज नको. बाईंनी बटण दाबलं. नंबर बदलायला परवानगी कुठून येते? जुन्या नंबरावरून! पुन्हा सहा आकडे भुसावळला. रंगनाथरावांना पुन्हा फोन लावावा लागला.

मंजिरीनं मेसेज वाचला होता. हे आकडे दिले की आपला नंबर गेला. मग रोज अकराचा मेसेज नाही, काहीच नाही. ती म्हणाली, "आईकडे द्या. आकडे तिलाच सांगीन."

रंगनाथरावांनी घड्याळ बघितलं. कुमुदताईंकडे बघितलं. म्हणाले, "आकड्यांपुरतं बोल."

सुटली शपथ! आणि आकड्यांपुरतं म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

कुमुदताईंनी फोन घेतला. ऐकून पहिला आकडा नवऱ्याला सांगितला. मग गुडघे. दुसरा आकडा. मग नातीला दात कितव्या महिन्यात आले. नात आहे हेच त्यांना तेव्हा कळलं. तिसरा आकडा, आणि तीन मिनिटं संपली. बाईंनी पुन्हा पाठवले. या वेळी कुमुदताईंनी सहाच्या सहा सांगितले. रंगनाथरावांनी दाबले. चूक. पुन्हा. चूक. यंत्र म्हणालं, आज पुरे, उद्या या.

"अगं, नीट ऐकत जा की," रंगनाथराव म्हणाले.

"कानांचं वय झालं हो," कुमुदताई म्हणाल्या. "उद्या नीट ऐकते."

मंडळी, कागदी अर्जानं नंबर आठवड्यात बदलतो. डोंगरेबाईंना माहीत होतं. बोलल्या? नाही बोलल्या. त्या फोन कुमुदताईंच्या बाजूला सरकवून ठेवतात. रोज अकराला कुमुदताई नीटनेटकं लुगडं नेसून शेअरच्या ऑफिसात जातात, आणि शेजारी खात्याचा मालक कीबोर्डवर बोट ठेवून बसतो. महिना झाला. एकही आकडा बरोबर आलेला नाही.

आता सांगा काका, खातं कोणाचं?

आणि तुम्ही! खिशात फोन आहेत ना? त्यातल्या ब्लॉकच्या यादीत कोण कोण घातलंय? भाऊ? सून? शेजारचा? सुतकाची आंघोळ कोणाच्या नावानं उरकलीत? आरतीला अजून पाच मिनिटं आहेत. बाहेर ओट्यावर जाऊन एक फोन करून या. जा, मी थांबतो.

...

कोणी उठत नाही?

बरं. टाळ घ्या. आरती म्हणणं सोपं असतं.