सदतीस तास

“हॅलो? … सृष्टी, मोकळी आहेस ना? … बरं, मग ऐक ना. अजिंक्यच्या लॅपटॉपवर तो नवा गेम डाउनलोडला लावलाय, तर सदतीस तास दाखवतंय! … हो गं, सदतीस! … मला कुठला खेळायचाय? त्याच्यासाठी.”

सृष्टी ही तेजस्विनीची धाकटी बहीण. तळेगावात बसून अख्ख्या गोतावळ्याचे कॉम्प्युटर फोनवरून ताळ्यावर आणायची. काल घरून चाललेल्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये, ऐन साहेबांसमोर तेजस्विनीचं नेट गेलं आणि सगळं खापर नवऱ्यावर फुटलं. तुझ्या गेमपायी माझी नोकरी जाईल, असंही ती बोलून गेली. बिचारा अजिंक्य आज पहाटे चाकणला पहिल्या शिफ्टला गेला, तो डबा न घेताच. उद्या गुरुवार, त्याची सुट्टी. आज हाफ डे टाकून, तो यायच्या आत गेम तयार ठेवायचा, म्हणजे तोंडानं माफी मागायला नको, असा बाईसाहेबांचा बेत होता.

“… विंडोज नाही गं, लिनक्स. … माझ्या फोनवर नेट पळतंय, ह्याच्यावरच रखडलंय. … वायर लावून पाहिली. … डाउनलोडचा सर्व्हरही बदलला, मुंबईचा केला. … ढिम्म! … हो, तो काळा पडदा उघडलाय. काय टाइप करू? … सुडो… हं. पासवर्ड मागतोय. … अगं, टाइप करतेय पण उमटतच नाही काही! … न दिसताच टाकायचा? भलतंच संशयी मशीन आहे! … आल्या, आल्या ओळी. … शून्य, नऊ, चांदणी, चांदणी, एक ते पाच… म्हणजे? … सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊला ह्याचा स्पीड आपोआप कमी होतो? … आणि संध्याकाळी सहाला पुन्हा मोकळा? … अगं, पण हे केलं कुणी? … हो, वर एक ओळ आहे, हॅशची. … म्हणजे नुसती टीप होय? इंग्रजी अक्षरांत, पण मराठीच. थांब, वाचते. ‘तेजूचं ऑफिस. तिला नेट पुरलं पाहिजे.’ पुढे मार्चची तारीख.”

तेजस्विनीनं ती ओळ पुन्हा वाचली. स्वतःचीच लाज वाटली तिला.

“… आहे, आहे मी. … मार्चपासून गं! एका शब्दानं बोलला नाही. आणि काल मी त्याला… … रडत नाहीये! … नको, ती ओळ नाही पुसायची. आजच्यापुरतंच मोकळं करायचं सांग. … हं, टाकली कमांड. … अगं बाई, पळायला लागलं! पंचावन्न मिनिटं! … साडेचारला कंपनीची बस त्याला सोसायटीच्या गेटवर सोडते, होईल तोवर. … बरं, ठेव आता, त्याला फोन करायचाय. … नंतर बोलू ना! अगं, उपाशी असेल तो. … कँटीन कसलं? दुखावला की जेवतच नाही. … नाही, गेमचं नाही सांगत. आधी चुकले म्हणते. तोंडानंच. … ठेव गं, सृष्टी!”