सोळा घरं

नाही नाही, खिडकीशी बस, त्या खुर्चीचा एक पाय हलतो. हं. आणि ती पेटी तिथंच राहू दे भिंतीला टेकून – उघडू नकोस इतक्यात, बघीन मी सावकाश. तू खालून ‘क्लेम हेगची मुलगी’ म्हणालीस म्हणून दार उघडलं, नाहीतर मी कुणाला वर येऊ देत नाही. जॉयस ना तू? कपाळ अगदी त्याचंच आहे. गेला म्हणतेस, फेब्रुवारीत. आणि जाताना सांगून गेला, माझी गिटार मोरकमला वॉली सगडनला नेऊन दे. दुसऱ्या कुणाला नाही, मला – चौतीस वर्षांनी! दर नाताळला कार्ड यायचं त्याचं, एक वर्ष चुकलं नाही. खालची मिसेस होल्ट वाचून दाखवायची. असा माणूस होता बघ. चहा घे, निवतोय.

काय? गिटार का सोडली त्यानं? सांगतो की. तुझी बस पाचची आहे, घाई कसली. आधी हे समजून घे, की त्या वेळी नाचाच्या बँडात गिटार कुणाला ऐकूच यायची नाही. तीन ट्रंपेट, चार सॅक्सोफोन, ड्रमवाला वेगळाच – त्यात एक माणूस कोपऱ्यात बसून खट-खट-खट-खट, चार ठोके, चार ठोके, दुपारभर. ऐकू येत नाही, पण थांबली की सगळ्यांना कळतं, नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. आणि त्या कोपऱ्यात त्याच्या शेजारी कोण? मी, माझा बेस घेऊन – ते माणसाएवढं उभं तंतुवाद्य. अल्काझार म्हणायचे त्या नाचघराला, आता तिथं लहान मुलांचे मोटारींचे खेळ आहेत. मिस्टर डेनचा बँड होता तो. दुपारी चहा आणि नाच, बायका टोप्या घालूनच नाचायच्या.

आता तुला एक सांगतो, तो गेलाच आहे तर सांगायला हरकत नाही. तुझ्या बापाला नोटेशन वाचता येत नव्हतं. एक ओळ नाही! समोर कागद ठेवून बसायचा, पानं उलटायचा माझ्याबरोबर, पण सगळं कानावर. एकदा कागद उलटा ठेवला होता स्टँडवर, आणि वर भुवया आक्रसून बघतोय त्याच्याकडे, प्रोफेसरसारखा – मी हळूच सरळ केला. कान मात्र असा, की एकदा ऐकलं की हाडात गेलं. अडायचं कुठं, तर ऐन वेळी काही बदललं, पेन्सिलीनं खुणा केल्या, की तिथं. मग मी गुडघ्यानं गुडघा दाबायचो – आता थांब, आता घे. चार वर्षं. दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मला ‘चष्मा’ म्हणायचा. ‘काय चष्म्या, आज काय लिहिलंय रे?’ असं.

माझं उलटं. अक्षरं माझ्याशी भांडतात, अजून वर्तमानपत्र धड वाचता येत नाही. पण नोटेशन – कोळसाखाणीच्या बँडनं माझ्या हातात कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रंपेट दिला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पावसात भिजलेले कागद, कोळशानं काळ्या बोटांचे डाग, वर पेन्सिलीची खोडाखोड, आणि बँडमास्तर छडी घेऊन मागं उभा. एकदा चुकलो नाही. आयुष्यात एकदाही नाही. घेतेस का बिस्कीट?

तर ती रेडिओची दुपार, नाचघरातून थेट कार्यक्रम जायचा होता. मिस्टर डेनच्या डोक्यात आलं, की एका गाण्यात गिटारला सोळा घरं एकटीला द्यायची. घरं म्हणजे – कागदावर उभ्या रेघा असतात ना, दोन रेघांमधलं ते घर, एका घरात चार ठोके. सोळा घरं सगळा बँड गप्प, आम्ही दोघंतिघं हलकेच मागं, आणि मायक्रोफोनपुढे एकटा क्लेम. तालमीत वाजवलं तेव्हा ट्रंपेटवाल्यांनी शिव्या देणं बंद केलं, एवढं चांगलं. लंडनच्या एका मोठ्या बँडवाल्यानं निरोप धाडला होता, की त्या दुपारी ऐकतो आणि आवडलं तर घेतो. तुझ्या आईनं घरी, रॉदरममध्ये अर्धी गल्ली बोलावून ठेवली होती रेडिओपुढे.

तू होतीस? चार वर्षांची? बरं. बरं.

कार्यक्रम दीड मिनिट लांबत होता. म्हणून सुरू व्हायच्या जरा आधी मिस्टर डेन सगळ्यांच्या कागदांवर पेन्सिलीनं काटछाट करून गेले – गाणाऱ्या बाईचं एक कडवं कापलं होतं. आणि मला वाटलं, क्लेमची सोळा घरंच कापली. तसं मी त्याला सांगितलं. पेन्सिल पुसट होती, काय करणार, अडाणी माणूस मी. मग वेळ आली, सगळा बँड थांबला, आणि तुझा बाप खाली मान घालून आपला खट-खट-खट-खट. साऱ्या देशानं ऐकलं. ड्रमवाला हसायला लागला, मग सॅक्सोफोनवाले. नंतर मिस्टर डेननं विचारलं, ‘हेग, तुला समोरचं वाचता येत नाही का?’ आणि तो म्हणाला, ‘नाही, सर.’ एवढंच. माझं नाव घेतलं नाही. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘जाऊ दे रे चष्म्या, तू काय मुद्दाम केलंस?’ त्याच संध्याकाळी रॉदरमच्या गाडीत बसला. मग पोलादाचा कारखाना, मग तिथल्या यंत्रात हाताचं ते बोट गेलं. ही एवढीच गोष्ट, पोरी. नशीब.

असं काय बघतेस?

म्हणालो असेन. हो, एकदाही चुकलो नाही म्हणालो. म्हातारा माणूस, बोलतो काहीतरी. तू काय वकील आहेस का?

बरं, ऐक मग. आदल्या दिवशी समुद्रावर शिंपल्या खात होतो आम्ही, व्हिनेगर घालून, आणि तो हसत हसत म्हणाला, ‘वॉली, लंडनवाल्याला कानावर वाजवलेलं चालतं. आता मला चष्मा लागणार नाही.’ कसं म्हणाला, तर उतरवून खिशात ठेवतात तसं. चार वर्षं मी त्याचे डोळे होतो. माझं बोट बेसच्या तारांवर रक्ताळायचं, त्याचं नाव व्हायचं. तुझं काय होईल रे वॉली, असं विचारलं असतं एकदा, तरी – नसतं विचारलं तरी चाललं असतं, पण हसायला नको होतं. पेन्सिल काळीकुट्ट होती. मी वाचली. आणि वर ऐक, आता ऐकतेच आहेस तर – त्याचा कान चांगला ना, चौथ्या घरात त्याच्या लक्षात आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. अजून बारा घरं होती, पोरी, बारा घरांत तो काहीही करू शकला असता. त्यानं फक्त पाहिलं, की घेऊ का? आणि मी मान हलवली, नको. तो वाजवत राहिला, खट-खट-खट-खट. माझ्यावर विश्वास ठेवून. मग मीही हसलो, सगळ्यांबरोबर.

रडायचं असेल तर खाली जाऊन रड. मला त्याचं वाईट वाटलं का? पुढची अकरा वर्षं मी त्याच कोपऱ्यात सुखानं वाजवलं. दुसरा गिटारवाला आला, त्याला वाचता यायचं. मी त्याच्याशी कधी बोललोही नाही.

आण इकडे ती पेटी. माझ्या नावानं दिली ना त्यानं, मग माझी आहे. खिट्टी गंजलीय. हं... तीच. तारा नव्या घातल्यात, कुणासाठी कुणास ठाऊक. आणि हे काय खाली, कागद? हा तर – हा तर त्या दिवसाचा आहे. उचलून नेला होता म्हणजे त्यानं. बघ, पेन्सिल अजून तशीच, कडव्यावर काट, आणि बाण सरळ गिटारच्या घरांवर. लहान मूलही – आणि हे अक्षर कुणाचं? ही घरं कोरी होती, जॉयस. सोळाच्या सोळा कोरी होती, मनानं वाजवायची म्हणून. ही शाईनं कुणी भरली?

शिकला? कुठं शिकला?

रात्रशाळेत. पंधरा वर्षं झाली. म्हणजे हा कागद त्यानं वाचला. वाचला आणि मग – त्यानंतरही ती कार्डं, पंधरा नाताळ – काय लिहायचा गं त्यात, मिसेस होल्ट नीट वाचायची का सगळं? नको, सांगू नकोस.

पहिलं घर तालमीतलंच आहे. दुसरं नाही, दुसरं नवीन. इथं वर जातो, आणि इथं... थांब, बोलू नकोस, वाचतोय मी. चार. इथं माझ्याकडे पाहिलं होतं त्यानं. पाच. सहा. अरे, क्लेम... आठ. इथं बघ, इथं नुसता ठोका ठेवलाय, बेससाठी जागा सोडलीय, माझ्यासाठी.

ऊठ. जा तू. कप राहू दे. बस चुकेल. दार ओढून घे, आणि जिना उतरताना आवाज करू नकोस – अजून आठ घरं आहेत.