तपासणीची डबी

(शेळगाव. गावात आरोग्यखात्याच्या आशाताईचं काम करणाऱ्या जरिनाची ओसरी, दुपारचे चार. कुणी बघू नये म्हणून युवराज मोटारसायकल गल्लीच्या टोकाला लावून चालत आलाय. समोरच्या कुशाबाईनं बघायचं ते बघितलंच.)

युवराज : मित्राचं म्हणतोय मी, भाभी. माझं न्हाय.

जरिना : मित्राचं नाव सांगा.

युवराज : नाव कशाला पायजे? गड्याची नसबंदी झालेली हाय आन् बायकूला दिवस गेलेत. मग ते कुणाचं धरायचं, एवढंच सांगा.

जरिना : गेल्या वर्षात ह्या गावात नसबंदी केलेला गडी एकच. तुळशीचं लग्न झाल्यावर मीच त्याला दवाखान्यात नेलतं. येताना माझ्या गाडीवर मागं बसून "हळू चालवा, खड्डा हाय" करत हुता. तोच मित्र का?

युवराज : हळू बोला की.

जरिना : बोला तुमी सरळ, मी बोलते हळू.

युवराज : मग ऐका. स्वरूपाला अकरावा आठवडा हाय. सोनोग्राफीत निघालं. दोन पोरं हायेत, तिसरं नको म्हणून तर मी ऑपरेशन केलं. मी काय दूधखुळा न्हाय.

जरिना : संशय कुणावर हाय?

युवराज : डिसेंबरात आमच्या उसाला हार्वेस्टर आलता. त्याचा डायवर चार दिवस वस्तीवरच जेवायला.

जरिना : त्याला जेवायला कुणी बोलावलं?

युवराज : मीच. पर न इचारता दुसऱ्यांदा कालवण वाढलं तिनं त्याला. मी बघितलंय.

जरिना : कालवणानं दिवस जात न्हाईत, भाऊ.

युवराज : चेष्टा नको. आताशा फोन पण पालथा ठेवती. कुणाचा आला ते दिसू नये म्हणून.

जरिना : आई काय म्हणत्यात?

युवराज : आई खूश. तिला नसबंदीचं ठावं न्हाय, हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय. तिचं म्हणणं, नस बांधली की गड्याच्या कमरंतली ताकद जाती, उसाची मोळी उचलत न्हाय.

जरिना : मग? गेली ताकद?

युवराज : न्हाय.

जरिना : बरं. एक तरी खोटं निघालं.

युवराज : सकाळी मी अविराजला फोन केला, सुप्याला. म्हणलं, येऊन बहिणीला घेऊन जा, आन् का ते तिलाच इचार. सांजंपतुर येतोय तो.

जरिना : सगळं ठरलंय की. मग माझ्याकडं कशाला आलाव?

युवराज : तुमी घरोघर फिरता. कुणाकडं कोण येतं-जातं, तुमाला ठावं असतं. मला नाव पायजे.

जरिना : नावाचं मागून बघू. ऑपरेशनच्या दिवशी मी तुमाला निरोधची पाकिटं दिली, कागद दिला आन् झाकणाची डबी दिली. कुठं हायेत?

युवराज : पाकिटं माळ्यावर टाकली. ऑपरेशन झाल्यावर त्येचं काय काम?

जरिना : कागद?

युवराज : सगळा न्हाय वाचला. ऊस तुटायचा हुता.

जरिना : आन् डबी?

युवराज : ट्रॅक्टरच्या पेटीत हाय. नटबोल्टाचे वायसर ठेवलेत तिच्यात. चांगली घट्ट झाकणाची हुती.

जरिना : या अल्ला. अवो, तीन म्हैन्यांनी त्या डबीत तुमचं वीर्य तपासायला द्यायचं हुतं. तपासणी साफ येईपतुर पाकिटं वापरायची हुती. मी दोनदा सांगितलं, तुमी दोनदा मान हलवली.

युवराज : मला वाटलं, असले कागद समद्यांनाच देत्यात. नस बांधली म्हणल्यावर त्याच दिवसापासनं बंद, असंच धरलं मी.

जरिना : औंदा तुमी खोंड खच्ची केला. त्याच दिवशी गाईंत सोडला का?

युवराज : छे. दीड-दोन म्हैने पलीकडं लिंबाखाली बांधला.

जरिना : का?

युवराज : आत राहिलेलं असतं त्याच्या. गाय गाभण ऱ्हाती.

जरिना : हं.

युवराज : मी काय खोंड न्हाय, भाभी.

जरिना : न्हाय. खोंडाला मालक बांधतो, तुमाला कुणी बांधायचं? तुमची नुसती नळी बांधलीय, खच्ची न्हाय केलं तुमाला. पर राहिलेलं निघून जायला वेळ लागतोच. तुळशीच्या लग्नानंतर ऑपरेशन, आन् दिवस राहिलेत नाताळाच्या आसपास. तीन म्हैने कुठं झालते?

युवराज : म्हंजी माझंच असंल?

जरिना : असंल.

युवराज : असंल काय? नक्की सांगा. डबी धुऊन आणतो, आजच तपासून घेतो.

जरिना : त्याला नवी डबी देते मी. फुडच्यासाठी तपासायलाच पायजे. पर आज साफ निघालं म्हणून डिसेंबरातलं काय कळणार? तवा काय हुतं, ते तवाच कळलं असतं.

युवराज : मग मी इस्वास कशावर ठेवायचा?

जरिना : कशावर न्हवं, कुणावर ते बघा. स्वरूपा, ये भाईर. ऐकलंस ना?

युवराज : ही हितं?

स्वरूपा : तुमच्या आधी तासभर आलेय. अविदादानं फोन केला, काय केलंस म्हणून इचारत हुता. मला तरी कुठं ठावं, मी काय केलं ते.

युवराज : स्वरूपा, मला वाटलं...

स्वरूपा : गेले चार दिवस तुमी माझ्याकडं बघून जेवला न्हाई. मला वाटलं, तिसरं नको म्हणून रुसलाय. ठेवायचं का न्हाय, मी एकटीच इचार करत बसले. लई रडले. आन् तुमी तितं कालवणाच्या वाट्या मोजत हुता.

युवराज : आन् फोन पालथा...

स्वरूपा : काच फुटलीय. तुमीच पाडलाय ट्रॅक्टरवरनं.

युवराज : चुकलं माझं. अविराजला सांगतो, येऊ नको.

स्वरूपा : येऊ दे त्याला.

युवराज : आल्यावर काय सांगू?

स्वरूपा : आता भाभींना सांगितलं तेच. ऑपरेशन, पाकिटं, डबी. आत्याबाईंच्या समोर.

युवराज : आईसमोर? आगं, गावभर हुईल. समदी भावकी हसंल मला. दुसरं कायतरी सांगतो त्याला, हर्निया ऱ्हाऊ दे की.

स्वरूपा : माझ्यावर आळ घेताना भावकी न्हाय आठवली.

जरिना : बोला, भाऊ. आता मान हलवून भागायचं न्हाय.

युवराज : सांगतो. आईलाबी सांगतो. मग तरी ऱ्हाशील ना तू?

स्वरूपा : तुमी सांगा आधी. मग मी बघते, तुमच्यावर इस्वास ठेवायचा का न्हाय ते. गाडी कुठाय?

युवराज : गल्लीच्या टोकाला लावलीय. कुणी बघू नये म्हणून.

स्वरूपा : दारात आणा.