आधी चहा

हल्ली मी समोरच्याला पुरतं बोलू देतो, म्हणून तुम्ही हसता. त्या दिवशी मी नगरला ओसरीवर वह्या तपासत होतो. राहुरीहून माझ्या अक्काचे शेजारी बाबूभाई सायकल हाणत आले.

“मास्तर, जरा ऐका—”

“आधी चहा, मग बोलणं! कांदा कसा आहे यंदा?”

“बरा हाय, पन मास्तर—”

“पण भाव नाही, हेच ना?”

आल्यागेल्याला चहाआधी बोलू द्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

चहा होईपर्यंत राहुरीची मोटार भोंगा वाजवत निघून गेली. बाबूभाई उभेच होते.

“अक्का लई बेजार हाय, मास्तर. ‘भावाला एक गोष्ट सांगायचीय’ म्हनती. त्याच मोटारीनं तुमाला न्यायचं हुतं.”



संध्याकाळच्या मोटारीनं पोचलो, तेव्हा अक्का गेली होती. तिची गोष्ट ऐकायची राहिली.