सोवळ्याचा सोडा

या, जवळ सरका. अकोल्याच्या सोडा कारखान्यात ऐकलेली गंमत सांगतो. मोरोपंत भटजींच्या लेकीच्या लग्नाचं वऱ्हाड दुपारी यायचं, अन् त्यांच्या सोड्याच्या बाटल्या फुसक्या निघाल्या.

त्यांनी सोडा भरणाऱ्या ताहेरमियाँला विचारलं, "ताहेर, गॅस भरला का नाही?"

"भरला ना, पंडितजी! पन तुमी घरून आनलेलं सोवळ्याचं पानी उनात तापलं. तापल्या पान्यात गॅस मुरत नाई, निसटते."

"मग?"

"माह्या रांजणात ठेवा घटकाभर. गार झालं का यंत्रात दाबून हालवतो, मंग पिते ते गॅस."

"तुह्या रांजणात? देव काय म्हणेल?"

"देव चूप राहीन. व्याही बोंबलन."

मोरोपंतांनी इकडेतिकडे पाहिलं. "ओत. लवकर ओत!"

व्याही तीन बाटल्या प्याले अन् म्हणाले, "सोवळ्याची चवच न्यारी!"

मायबापहो, सोड्याचा ढेकर आला की ताहेरमियाँची आठवण ठेवा.