टाकीतला बर्फ

माहा जन्म उमरेडचा. बाप हातमागावर लुगडी विणे आन मी बाजूले बसून मागाचा खटखट आवाज ऐकत राहो, माग बिघडला तं बापाच्या आधी मले समजे, बाप म्हणे हे पोट्टं कानानं पाहाते. मंग एकेक करत पुऱ्या मोहल्ल्याचे माग बंद पडले, तं मी एसटीत बसून नागपूरले आलो, आयटीआय केली, डिझेल मेकॅनिक, आन एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमधी लागलो. टेम्पररी. काय सांगू तुम्हाले, माही अर्धी जिंदगी त्या एका शब्दात गेली. दर वर्षी नवा कागद, दर वर्षी सही, दर वर्षी सर म्हणत या सत्रात परमनंट करून टाकू नामदेव.

लॅब म्हणजे इंजिनाची. तिथी इंजिन गाडीत नसते, जमिनीत नटबोल्टानं जाम बसवलेलं असते, ते जागच्या जागी पळते आन त्याच्यावर लोड टाकून पाहाचं का डिझेल किती पेते, धूर किती टाकते, तापते किती. आकडे लिवणारे लिवत. चालू कोन करे? मी. तेल कोन बदले? मी. कितीक सर लोक त्या इंजिनावर पीएचडीचे डॉक्टर झाले. पुस्तकात आभार मानते ना बावा ते, गाइडचे, आईबापाचे, बायकोचे, देवाचे. माहं नाव एकानं टाकलं, तेही चुकीचं. हसा हसा, मी पन हसलो होतो.

आता मे महिन्यात इथी छतावरच्या टाकीतलं पानी कसं येते हे तुम्हाले सांगाले नको, अंग पोळते. तेच पानी लॅबमधल्या टाकीत उतरे आन आमच्या इंजिनाले थंड कराले जाये. त्यानं काय कपाळ थंड होनार! म्हणून आमच्या लॅबची एक रीतच पडून गेली होती का उन्हाळ्यात पोट्ट्यायचं प्रॅक्टिकल असलं का टाकीत बर्फाच्या लाद्या सोडाच्या. मीच पाडली ते रीत. पोट्ट्यायचे आकडे वहीत राहाते, वही रद्दीत जाते, कोनाचं काय बिघडते, इंजिन वाचलं पाह्यजे. कोनी इचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मंग आमच्या मोठ्या सरायचं संशोधन आलं. सर म्हणत का गाडीचं इंजिन जरासं गरम ठेवलं तं डिझेल चांगलं जळते, धूर कमी होते. तं रेडिएटर लहान करा, आन पंखा हरघडी फिरवू नका, लागन तवाच फिरन असा इलेक्ट्रिकचा लावा. कल्पना खोटी नव्हती, मी आजही म्हणतो. थंडीत आकडे झकास आले. पन रिपोर्टात उन्हाळ्याचे आकडे पाह्यजे होते, अस्सल नागपूरच्या उन्हाळ्याचे. पहिल्या दिवशी मी सकाळी लॅब उघडली आन नेहमीसारखा बर्फ टाकून देला. सवयीनं, देवाशपथ सवयीनं. पानी बर्फाचं असलं तं लहान रेडिएटरही पुरते असंच दिसन, हे मले कळत नव्हतं असं नाही, पन डोक्याच्या आधी हात चालले.

सर आले. टाकीत हात घातला, बाहेर काढला, रुमालानं पुसला. मी म्हटलं आता शिव्या भेटते. सर म्हणे, नामदेव, रजिस्टरमधी बर्फाचं लिवू नको. आन म्हणे, तुही परमनंटची फाईल माह्याच टेबलावर आहे बरं का. बस, एवढंच. पुढचे सात दिवस मी बर्फ टाकला, आन ते काही सवयीनं नाही टाकला.

रिपोर्ट गेला, शाबासकी आली, आन ते सामान कॉलेजच्या एका बसले लावलं. ते बस कोन चालवे? दिलीप, माहा जवाई, माह्या लहान बहिणीचा, शोभाचा नवरा. मीच हातापाया पडून त्याले तिथी लावलं होतं. परीक्षेचे दिवस, बस पोट्ट्यापोट्टीनं भरलेली, उमरेड रोडवर भर दुपारी इंजिन तापलं. त्यानं सारे पोरं खाली उतरवले, झाडाखाली बसवले, आन मंग बॉनेट उघडलं. पाह्यलं तं पंखा बंद. आता सरायनंच त्याले शिकवलं होतं का पंखा बंद म्हणजे इंजिन थंड. पन पंख्याची मोटर एवढ्याशा रेडिएटरवर एकसारखी चालून चालून जळली होती ना! त्यानं झाकन फिरवलं आन उकळतं पानी तोंडावर आलं. उजवा डोळा गेला, हाताची कातडी गेली. धंतोलीच्या दवाखान्यात मी पाह्यलं तं वळखू येत नव्हता. आन मी कोठी उभा होतो सांगू? दाराबाहेर. आत जायाची हिंमत नाही झाली.

जवाई शुद्धीवर आल्यावर तिथीच शोभा माह्याजवळ आली. म्हणे, दादा, ते मशीन तपासत होते तवा तू होता ना, त्यात काही गडबड होती का? मी म्हटलं, नाही वं शोभा, सारं बराबर होतं. तिनं एवढंच म्हटलं, बरं.

मंग कमिटी बसली. एसीचा हॉल, काचेचे गिलास. मले इचारलं, चाचणीच्या वक्ताले काही वेगळं केलं होतं का? सर समोर बसून, पेनाचं टोपन काढून राहिले, लावून राहिले. मी म्हटलं, नाही सर. आन जवाईनं तं सोताच लिहून देलं होतं का घाईत झाकन उघडलं, माहीच चूक. मी म्हटलं सरायनंच दाबून लिवून घेतलं असन, आन खोटं काहून बोलू, मले बरं वाटलं. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणते ना, तसं झालं, आन चोरायमधी मी एक. त्याच महिन्यात माही परमनंटची ऑर्डर निघाली. मी पेढे नाही वाटले, पन ऑर्डर ठेवली. परत नाही केली. तुम्ही लिवून राहिले तं हे पन लिवा.

सात वर्ष झाले, औंदा मी रिटायर झालो. शाल देली, नारळ देला, सरायनं भाषणात म्हटलं का नामदेव म्हणजे आमच्या लॅबचा प्रामाणिक मानूस. नारळ हातात तसाच घेऊन सिदा शोभाच्या घरी गेलो आन दोघायसमोर सारं सांगून टाकलं, बर्फाचं, रजिस्टरचं, कमिटीचं. शोभा भाजी निवडून राहिली होती. मान वर नाही केली. म्हणे, दादा, आम्हाले माहीत आहे. यायनं त्या दिवसात टाकीत बर्फ पाह्यला होता, शुद्धीवर आले तवाच मले सांगितलं.

मी म्हटलं, मंग जवाईबापू, कमिटीसमोर काहून नाही बोलले गा? ते म्हणे, बोललो असतो तं सर वाचले असते, पहिले तुम्ही गेले असते. माहा डोळा तं गेलाच होता, तुमची ऑर्डर काहून घालवाची?

मी शोभाले म्हटलं, तुले माहीत होतं तं तू मले दवाखान्यात इचारलं काहून वं?

शोभा म्हणे, तू सांगतं का, हे पाहाले.

तवापासून रोज संध्याकाळी जातो. जवाईले पेपर वाचून दाखवतो, त्याचा डावा डोळाही आता थकला. शोभा चहा देते, साखर बराबर टाकते, पोराबाळायचं इचारते. भांडन नाही, तंटा नाही, राखीलेही येते. पन दवाखान्यातल्या त्या दिवसापासून तिनं मले काही खरं-खोटं इचारलं नाही. मी भाजी नेली तं भाजीवाल्यानं किती घेतले हेही इचारत नाही.