फळ्यावरचा फुगा

अण्णा, बाईंच्या कन्या स्वातीताई, माझे शिक्षक सहकारी, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या अकरावीच्या पोरांनो,

मी फिजिक्सचा माणूस. माझा आवाज मंगळवार पेठेच्या कोपऱ्यापर्यंत जातो, असं माने बाईच म्हणायच्या. आज तेवढा निघणार नाही. सांभाळून घ्या.

बाई आपल्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. गेल्या शुक्रवारी त्यांनी वायूंच्या नियमांवरचं एक गणित फळ्यावर घातलं आणि घंटा झाली. म्हणाल्या, "उरलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या गेल्या. आठवडा झाला, तो फळा कुणी पुसलेला नाही.

गणित काय, तर फुगा. सत्तावीस अंश सेल्सिअसला आत दोन लिटर हवा. दाब तोच ठेवून तापमान सत्तावन्नवर नेलं, तर आकारमान किती?

आता बाईंची रीत. अण्णा, तुम्ही बाईंचे यजमान, घरातला माणूस, पण वर्गातल्या बाई तुम्ही बघितल्या नसतील. आधी पेन खाली ठेवायला लावायच्या. दोन तळवे समोर धरायचे, मधे फुगा आहे असं समजायचं. तापवला तर वाढेल का आक्रसेल? वाढेल, तर हात लांब. आक्रसेल, तर जवळ. "आधी हात, मग आकडे!" मी व्हरांड्यातनं बघायचो. म्हणायचो, इथं काय भजन लागलंय काय?

एकदा मी छेडलंच. "बाई, सूत्रात आकडे घाला की. उत्तर लगेच येतंय."

"येतंय की, सर," त्या म्हणाल्या. "पण पोरास्नी फुगाच दिसला न्हाय, तर उत्तराचं काय लोणचं घालू व्हय?"

मी आपला चहा प्यालो.

आणि दरवर्षी कुणीतरी सेल्सिअसचेच आकडे सूत्रात घालायचं. मग दोन लिटरचा फुगा चार लिटरच्या वर जायचा. "अरं बाबा, फुटला की फुगा! पावणं दारात आलं, तर पाय धुवायला पाणी न देता आत सोप्यात घेतोस व्हय? दोनशे त्र्याहत्तर मिळव, केल्विन कर, मग घे आत!" सगळा वर्ग हसायचा. चुकलेलं पोरगं सगळ्यांत मोठ्यानं हसायचं. चुकलेल्या पोराला असं हसवता येणं, हे मला अजून जमत नाही हो. बाईंना ते सहज जमायचं. फार माया होती त्या बाईत.

हा धडा आता मी पुरा करायचा, असं ठरलंय. काल वर्गात गेलो. डस्टर उचललं. तर गडमुडशिंगीची आपली तेजश्री उठली आणि फळ्याला पाठ लावून उभी राहिली.

"सर, पुसू नका. बाईंचं अक्षर हाय."

मी डस्टर ठेवून दिलं. तास तसाच गेला. पोरांनो, खरं सांगतो, मला भीती वाटते. गणिताची नाही. उद्या मी म्हणेन, "आधी हात," आणि तुमच्यातलं कुणीच हात उचलणार नाही, याची.

म्हणून एक मागणं आहे. अशा सभेत शेवटी आपण उभं राहून हात जोडतो. आज जोडायचे नाहीत. सगळे उभे राहूया. बोलायचं नाही कुणी. बाईंचा फुगा दोन हातांत धरूया. त्याला ऊब लागलीय. हातांना वाटेल तसं करा.

...

तेजश्री, शाबास. बरोबर आहे, लांबच जायला पाहिजेत हात.

आणि अण्णा, तुम्हीसुद्धा...

बाई, बघताय ना? सगळ्यांचे हात बरोबर आलेत.

उरलेलं उद्या.